दानाचे अन्न आणि भुकेचे मूळ

भूक हा एकच शब्द दोन वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरला जातो. पाऊस पडला नाही, पीक बुडाले, धान्याचे भाव चढले आणि माणसे घरदार सोडून अन्नाच्या शोधात निघाली की त्या अवस्थेला दुष्काळ म्हणतात. ती सर्वांच्या डोळ्यांना दिसते. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे येतात आणि मदतीचा ओघ सुरू होतो. दुसरी अवस्था अशी की, पाऊस बरा झालेला असतो, बाजारात धान्य असते, आणि तरीही भूमिहीन मजुराच्या घरी वर्षातील काही महिने एकच वेळ चूल पेटते. तीन वर्षांचे मूल दोन वर्षांच्या मुलाएवढे दिसते; परंतु वस्तीतील सर्वच मुले तेवढी असल्यामुळे आईला त्यात काही वावगे वाटत नाही. या दुसऱ्या अवस्थेला नित्याची उपासमार म्हणता येईल. तिच्यामुळे जे मृत्यू होतात ते गोवर, हगवण, न्यूमोनिया अशा रोगांच्या नावावर नोंदले जातात. भुकेचे नाव कागदावर येत नाही.

अन्नदानाचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दुष्काळात दानाचे अन्न माणसाला मृत्यूच्या दारातून परत आणते. नित्याच्या उपासमारीत तेच अन्न किती उपयोगी पडते, कोणाला पडते आणि कोठे अपुरे ठरते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे उत्तर भारताच्या गेल्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून शोधता येते.

अन्नछत्रापासून दुष्काळ संहितेपर्यंत

भुकेल्याला अन्न देणे हे आपल्या देशात सर्व धर्मांनी पुण्यकर्म मानले आहे. देवस्थानांची अन्नछत्रे, व्यापाऱ्यांची सदावर्ते, गुरुद्वारांतील लंगर आणि दर्ग्यांतील लंगरखाने यांची परंपरा कित्येक शतकांची आहे. लंगरात राजा आणि रंक एका पंगतीला बसतात. घेणाऱ्याला खाली मान घालावी लागत नाही, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. तथापि या संस्थांची रचना पाहिली तर त्या मुख्यतः तीर्थक्षेत्री, हमरस्त्यावर आणि बाजारपेठेच्या गावी उभ्या राहिल्या. यात्रेकरू, साधू, वाटसरू आणि शहरातील निराधार यांची त्यांनी सोय केली. नित्याची भूक मात्र रस्त्यापासून दूर, डोंगराळ व कोरडवाहू प्रदेशात, शेतमजुरांच्या आणि आदिवासींच्या वस्त्यांत राहते. तिला अन्नछत्रापर्यंत चालत जाणे परवडत नाही, कारण चालत गेल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते.

दुष्काळात किती अन्न द्यावे, हा वादही जुना आहे. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषाचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमपर्यंत, खाली आणले. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर खडी फोडणारा माणूस जगू शकत नाही, अशी हरकत घेतली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मदत किती द्यावी हे खजिन्याच्या सोयीने ठरवावयाचे की शरीराच्या गरजेने, हा या वादाचा गाभा होता.

त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. धडधाकट माणसांना काम, आणि वृद्ध, अपंग, आजारी व लहान मुले यांना विनामूल्य अन्न, असे तिचे दोन आधार होते. दयेच्या जागी नियम आणण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. परंतु नियम लागू करावयाचा किंवा नाही, हे राज्यकर्त्यांच्या हाती राहिले. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाची अधिकृत घोषणा झालीच नाही. भाताची पेज मिळावी म्हणून हजारो खेडूत कलकत्त्याच्या रस्त्यांवर दारोदार फिरत होते. सरकारी व खासगी लंगरखाने उघडले गेले ते उशिरा, आणि त्यांतील पातळ खिचडी देह सावरण्यास पुरेशी नव्हती. वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख सांगितली. नंतरच्या अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास धरली आहे. शहरातील दात्यांच्या मनात करुणा नव्हती असे नाही. उणीव होती ती धान्य वेळेवर खेड्यापर्यंत पोचविणाऱ्या व्यवस्थेची.

बिहारचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर अन्नसाहाय्याची सर्वांत मोठी कसोटी बिहारमध्ये लागली. १९६६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि गया, हजारीबाग व पलामू या जिल्ह्यांत भाताचे पीक जवळजवळ हातचे गेले. यांपैकी हजारीबाग व पलामू हे भाग २००० पासून झारखंड राज्यात आहेत. एप्रिल १९६७ मध्ये राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केला. रास्त भावाच्या दुकानांचे जाळे विस्तारण्यात आले, खडीच्या व तलावांच्या कामांवर मजूर लावण्यात आले, आणि ज्यांना काम करणे अशक्य होते त्यांना लाल कार्डे देऊन फुकट धान्य पुरविण्यात आले. जयप्रकाश नारायण यांच्या अध्यक्षतेखाली बिहार रिलीफ कमिटीने गावोगाव मोफत भोजनालये चालविली. ‘केअर’ ही स्वयंसेवी संस्था आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने शाळांमधून लाखो मुलांना रोज एक वेळचे अन्न मिळू लागले. दुधाची भुकटी आणि मका, सोयाबीन व दूध यांचे मिश्रण परदेशातून जहाजाने येई, आणि शाळेच्या आवारातील चुलीवर ते शिजत असे.

१९४३ च्या बंगालशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. पीक बुडण्याचे प्रमाण बिहारमध्ये कितीतरी मोठे होते. तरीही बंगालसारखा संहार झाला नाही. स्थानिक सरकार, वर्तमानपत्रे, कार्यकर्ते आणि परदेशी मदत ही सर्व एकाच दिशेने कामाला लागल्यास काय साधता येते, याचे ते उदाहरण होय.

मात्र याच मदतकार्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघडकीस आली. भोजनालये चालू असताना अत्यंत गरीब कुटुंबांतील काही मुलांना नेहमीच्या वर्षापेक्षा अधिक नियमितपणे अन्न मिळाले, असे तेथे काम करणाऱ्यांनी पाहिले. याचा अर्थ, ज्या वर्षाला सरकार ‘सामान्य’ म्हणत होते तेच वर्ष या मुलांसाठी दुष्काळाचे होते. संकट ओसरल्यावर आपत्कालीन मदत आवरती घेतली जाते. नित्याची भूक तेथेच राहते.

बिहारने आणखी एक दिशा दाखविली. युनिसेफने कठीण खडक फोडणारी विंधन यंत्रे आणली आणि पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या जाऊ लागल्या. अन्नाची पोती संपली की त्यांचा परिणामही संपतो. विहिरीचे पाणी पुढच्या वर्षीही पिण्यास मिळते. महाराष्ट्रातील वाचकांना १९७२-७३ च्या अवर्षणातील सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी ठाऊक आहे. त्या संकटात मुख्य आधार मात्र दुष्काळी कामांचाच होता. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोचली होती. काम मागणाऱ्याला काम देण्याचे बंधन घालणारा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ मध्ये झाला, तो याच अनुभवाच्या पायावर.

अन्न कोणते आणि कोणाच्या तोंडी

दानात मिळणारे अन्न हे पुष्कळदा दात्याजवळ जे शिल्लक असते ते असते. घेणाऱ्याला ज्याची उणीव आहे तेच त्यात असेल असे नाही. साय काढलेल्या दुधाची भुकटी हे याचे उत्तम उदाहरण होय. लोणी काढून घेतल्यावर उरलेल्या दुधात प्रथिने असतात. परंतु स्निग्धांशाबरोबर अ जीवनसत्त्व निघून गेलेले असते. ज्या मुलाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा आधीच तुटपुंजा आहे, ते अशा दुधावर भराभर वाढू लागले की उरलासुरला साठाही खर्च होतो आणि डोळे जाण्याचा धोका उत्पन्न होतो. हा अनुभव आल्यानंतर मदतीच्या भुकटीत अ जीवनसत्त्व मिसळण्याची पद्धत सुरू झाली.

दुसरा धडा प्रथिनांविषयीचा आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत कुपोषणाचे मुख्य कारण प्रथिनांचा अभाव आहे, असे जगभर मानले जात होते. त्यानुसार प्रथिनयुक्त पावडरी, बिस्किटे आणि मिश्रणे तयार झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या समजुतीला आव्हान दिले. भारतीय गरिबांच्या आहारात तृणधान्य व डाळ यांचे प्रमाण मुळात ठीक असते. कमी पडतो तो एकूण आहारच, असे त्यांनी दाखविले. शरीराला पुरेसे उष्मांक मिळाले नाहीत तर ते प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. म्हणजे महागड्या पावडरीची गरज नसून त्याच भाकरीची, त्याच वरणाची, थोड्या तेलाची आणि भाजीची भरपूर गरज आहे.

तिसरा धडा वयाचा. मुलाच्या वाढीला सर्वांत मोठी खीळ बसते ती सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंत. आईचे दूध एकटे पुरत नाही आणि मोठ्यांचे जेवण त्याला पेलवत नाही. त्याचे पोट इवलेसे असते. पातळ पेज पाजली तर पोट भरते, पण शक्ती मिळत नाही. घट्ट भाकरी त्याला चावता येत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, तेल किंवा तूप घातलेले मऊ अन्न द्यावे लागते. मोड आणून वाळविलेल्या धान्याचे पीठ पेजेत मिसळले तर ती पातळ राहूनही अधिक पौष्टिक होते; नाचणीचे सत्त्व करणाऱ्या स्त्रियांना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. परंतु शेतावर आठ-दहा तास राबणाऱ्या आईला मुलाला पाच वेळा भरविण्यास सवड कोठून मिळावी? तेव्हा भोजनालयाच्या रांगेत जे मूल उभे राहू शकते ते बहुधा ही अवस्था ओलांडून आलेले असते. ज्याला सर्वाधिक गरज आहे ते रांगेत येऊच शकत नाही.

अन्न आणि रोग यांचेही परस्परांशी घट्ट नाते आहे. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाची भूक मरते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. अशक्त झालेल्या मुलाला पुन्हा जुलाब होतात. पंजाबमधील नारंगवाल येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या अभ्यासात काही गावांना पोषण, काहींना वैद्यकीय सेवा आणि काहींना दोन्ही देऊन या नात्याचा शोध घेण्यात आला. पिण्याचे पाणी दूषित असेल तर शिधा कितीही दिला तरी त्यातील एक वाटा जंतूंच्याच पदरी पडतो. अतिशय खंगलेल्या मुलाच्या बाबतीत तर एकदम भरपूर जेवू घालणे हेच जीवघेणे ठरू शकते. त्याला प्रारंभी दर दोन-तीन तासांनी, मोजून-मापून, हलके अन्न द्यावे लागते. अशा वेळी चांगल्या हेतूइतकीच प्रशिक्षित हातांची आवश्यकता असते.

शिवाय अन्न घरी नेण्यास दिले की ते सर्व घराचे होते. एका मुलासाठी दिलेला शिधा पाच तोंडांत वाटला जातो, आणि यात आईचा दोष नाही. भोजनालयात जेवलेल्या मुलाला घरी एक भाकरी कमी मिळते, तीही याच कारणाने. म्हणून मदतीचे प्रमाण ठरविताना मुलाच्या एकट्याच्या तुटीचा हिशेब पुरत नाही. कुटुंबाची तूट मोजावी लागते.

मदत आणि बाजार

बाहेरून आलेल्या अन्नाचा शेतकऱ्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्नही टाळता येत नाही. १९५४ च्या अमेरिकन कायद्यान्वये, म्हणजे पी. एल. ४८० अन्वये, भारतात फार मोठ्या प्रमाणावर गहू आला. १९६६ मध्ये भारताची एकूण धान्य आयात सुमारे एक कोटी टनांपर्यंत गेली. यातील बहुतेक गहू रुपयांत विकला जात असे. धर्मादाय वाटपासाठी येणारा भाग त्या मानाने लहान होता. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच इशारा दिला होता की, स्वस्त परदेशी धान्यामुळे स्थानिक भाव पडतात आणि शेतकऱ्याचा उत्साह खचतो. त्याशिवाय दात्या देशाच्या राजकीय मर्जीवर पुढील जहाज अवलंबून राहते, याचा कटू अनुभव भारताने त्याच वर्षांत घेतला.

यावर एक वेगळा मार्ग राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने काढला. १९७० पासून ‘ऑपरेशन फ्लड’ या योजनेखाली जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन दुधाची भुकटी आणि ४२ हजार टन लोण्याचे तेल भेट म्हणून मिळाले. ते फुकट न वाटता त्यापासून दूध तयार करून शहरांत विकण्यात आले आणि आलेला पैसा दूध संकलन, शीतगृहे व सहकारी संघ यांवर खर्च झाला. या योजनेवर टीकाही पुष्कळ झाली. दूध शहराकडे गेले आणि खेड्यातील गरीब मूल कोरडेच राहिले, असा आक्षेप घेतला गेला. तरी दानाचा उपयोग उत्पादनाच्या भांडवलासारखा करता येतो, हे त्यातून दिसले. लहान प्रमाणावर हेच तत्त्व गावातील धान्य बँकेत आढळते. पेरणीनंतर घरातले धान्य संपले की गरीब कुटुंब सावकाराकडून दिढीने धान्य उचलते आणि सुगीत त्याची परतफेड करता करता पुन्हा रिकामे होते. दानात मिळालेल्या धान्याचा एक साठा गावाच्या मालकीचा झाला व तो अल्प वाढीने फिरता राहिला, तर तेच धान्य अनेक वर्षे उपयोगी पडते आणि कर्जाचा फासही सैल होतो.

दयेकडून हक्काकडे

तामिळनाडूने या प्रश्नाला दिलेले उत्तर विशेष उद्‌बोधक आहे. मुख्यमंत्री कामराज यांच्या काळात १९५६ मध्ये तेथे शाळांत दुपारचे जेवण सुरू झाले तेव्हा त्यात सरकारी अनुदानाबरोबर गावकऱ्यांच्या देणग्यांचाही वाटा होता. १९६१ पासून ‘केअर’ने पुरविलेले अन्न त्यात आले. १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ही योजना फार मोठ्या प्रमाणावर विस्तारली आणि दोन वर्षांपासूनच्या मुलांना तीत घेतले. एवढा खर्च राज्याला झेपेल काय, अशी शंका तेव्हा अनेक जाणकारांनी घेतली होती. पुढे सरकारे बदलली, पण योजना बंद झाली नाही. उलट ताटात अंडे आले. लोकांनी ते जेवण आपले मानले होते, हे त्याचे कारण होय.

राष्ट्रीय पातळीवर १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली अंगणवाड्यांचा प्रारंभ झाला आणि १९९५ मध्ये प्राथमिक शाळांतील पोषण कार्यक्रम सुरू झाला. तथापि पुष्कळ राज्यांत शिजवलेल्या जेवणाऐवजी मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडत असे. २००१ मध्ये सरकारी कोठारांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठलेले असताना अनेक भागांत लोक उपाशी होते. या विसंगतीवर बोट ठेवणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण सरकारी प्राथमिक शाळांत देणे बंधनकारक केले. २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असेही सांगण्यात आले. एकाच पंगतीत सर्व जातींच्या मुलांनी जेवणे हे पोषणाइतकेच मोलाचे होते, आणि त्याला काही ठिकाणी झालेला विरोध हा त्याच्या आवश्यकतेचाच पुरावा होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा कायदेशीर हक्क दिला.

एवढे होऊनही काम संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती आणि १९.३ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश होती. तांदूळ-गव्हाने पोट भरले तरी डाळ, दूध, अंडी, भाजी व फळे यांची उणीव राहते. कोठारात धान्य आहे आणि कायद्याच्या पुस्तकात हक्क आहे. परंतु शिधापत्रिका नसलेले स्थलांतरित कुटुंब, डोंगरातील पाडा, आणि रांगेत उभे न राहू शकणारे तान्हे मूल यांच्यापर्यंत ही दोन्ही पोचावी लागतात.

धर्मादाय अन्नसाहाय्याचे आजचे खरे स्थान येथेच आहे. जेथे सरकारी व्यवस्था पोचत नाही तेथे आधी पोचणे, जे नावांच्या यादीत नाहीत त्यांना हुडकून काढणे, संकटात पहिल्या दिवशी चूल पेटविणे, आणि ती चूल दीर्घकाळ पेटती ठेवण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना तिची आठवण करून देणे, ही कामे दान चांगल्या रीतीने करू शकते. मजुरी, पाणी, आरोग्यसेवा आणि जमीन यांची जागा ते घेऊ शकत नाही. तरीही या मोठ्या सुधारणा होईपर्यंत अन्न थांबवून ठेवावे, असे म्हणणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. मुलाच्या वाढीची पहिली दोन वर्षे एकदा निघून गेली की ती परत येत नाहीत, आणि त्या काळात हुकलेला घास पुढे कितीही मोठ्या ताटाने पुरता भरून काढता येत नाही. म्हणून आजचे अन्न आणि उद्याचा उपाय ही दोन्ही कामे एकाच वेळी चालावी लागतात. कोणत्याही अन्नछत्राची परीक्षा किती पाने उठली यावरून केली जाते. ती परीक्षा अपुरी आहे. पुढच्या वर्षी त्याच वस्तीतील किती कुटुंबांना त्या पंगतीला बसण्याची गरज उरली नाही, हेही मोजले पाहिजे.